लाकडी कार्यालय बांधा, पण आधी पाण्याची वाट ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत परदेशातल्या लाकडी कार्यालय-इमारतींवर लेख आला आणि पाठोपाठ वाचकांची पत्रेही आली. बहुतेक पत्रांचा सूर एकच : मुंबईत हे चालायचे नाही, आग लागेल. मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. नोकरीची बहुतेक वर्षे गिरगाव, भुलेश्वर आणि काळबादेवीतल्या जुन्या लाकडी इमारतींच्या दुरुस्तीत गेली, म्हणून या वादात बोलावेसे वाटते. मुंबईत लाकडाचे कार्यालय उभे राहू शकते आणि राहायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र इथे लाकडाला आगीपेक्षा पाणी अधिक मारते. इमारत पन्नास वर्षे टिकणार की पंधराव्या वर्षी टेकूवर येणार, हे पाण्याची वाट नकाशावर कशी आखली आहे त्यावरच ठरते.

लाकडाची इमारत म्हटली की आपण नॉर्वेकडे बघतो. ठाकुरद्वारच्या नाक्यावर मान वर केली तरी ती दिसते. सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर हातभर अंतराने कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर चुन्याचा कोबा. खांबांच्या मधल्या विटांच्या भिंती नुसत्या भरणीच्या असतात, भार सगळा लाकडावर. तीन-चार मजल्यांच्या अशा चाळींनी या शहराच्या कित्येक पिढ्या सांभाळल्या. दमट हवेत लाकूड टिकत नाही म्हणणाऱ्यांना आपल्या गोदीचीही आठवण करून द्यावीशी वाटते. १८१७ साली वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईत मलबारी सागवानातून बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमधल्या हार्टलपूलच्या बंदरात आजही तरंगते आहे.

मग चाळी का खचल्या? दुरुस्तीसाठी गिलावा उघडला की जवळपास प्रत्येक इमारत एकच गोष्ट सांगायची. तुळईचा मधला भाग इतका शाबूत की रंधा फिरवला तर ताज्या सागाचा वास यावा. तीच तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे टोकदार सळई घातली की मुठीपर्यंत आत जायची, बाहेर यायचा नुसता भुगा. कुजलेल्या जागाही ठरलेल्या : मोरीखालच्या कड्या, संडासाच्या पाइपालगतचा खांब, गच्चीच्या पन्हळीखालचे टोक आणि पश्चिमेच्या भिंतीत गाडलेले प्रत्येक टोक. वयाने कुजलेले लाकूड मी क्वचितच पाहिले. ओल आत शिरली आणि वारा मिळाला नाही, एवढ्यानेच घात झालेला असायचा.

यामागचे शास्त्र सरळ आहे. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. मुंबईच्या पावसाळ्यात छपराखाली नुसते ठेवलेले लाकूडसुद्धा कोरड्या वजनाच्या सोळा-अठरा टक्क्यांपर्यंत ओलावा धरते. कुजवणारी बुरशी साधारण वीस टक्क्यांच्या वर गेल्यावरच जोर धरते. म्हणजे आपली दमट हवा एकटी लाकूड कुजवत नाही. त्यासाठी गळणारे, मुरणारे, कुठे तरी अडकून राहिलेले पाणी लागते. जुन्या चाळी बांधणाऱ्यांनी मोऱ्या-संडास मागच्या बाजूला, मुख्य सांगाड्यापासून दूर ठेवले होते. पुढे खोलीखोलीत संडास-बाथरूम आले, कोब्यावर टाइल्स चढल्या, गच्चीवर टाक्या बसल्या, आणि लाकूड 'मजबूत' करण्यासाठी त्यावर सिमेंटचा गिलावा थापला गेला. या शेवटच्या उपायाने जेवढे खांब खाल्ले तेवढे वाळवीनेही खाल्ले नसतील. आत गेलेले पाणी बाहेर पडायची वाटच त्याने बुजवली.

नव्या लाकडी कार्यालयाचा आराखडा इथून सुरू व्हावा. बाहेरचे देखणे लाकडी दर्शन नंतर.

जोते आणि तळमजला काँक्रीटचाच हवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे या शहरात घर बांधणाऱ्या कोणालाही विसरता येणार नाही. वाळवीही मुख्यतः जमिनीतूनच चढते. तेव्हा लाकूड पहिल्या मजल्यापासून सुरू करावे आणि प्रत्येक खांब पोलादी बुटावर, खालून वारा खेळेल असा उचलून ठेवावा. दुसरे म्हणजे जिने, लिफ्ट, संडास, पॅन्ट्री, पाण्याचे उभे पाइप असे जे जे ओले, ते एकाच काँक्रीटच्या गाभ्यात घ्यावे. लाकडी मजल्यावरून पाण्याचा पाइप जाता कामा नये. यात एसीच्या निचऱ्याची नळीसुद्धा आली. मुंबईच्या कार्यालयांत फॉल्स सीलिंगवर जो पिवळा डाग दिसतो तो बहुधा या नळीचाच असतो. काँक्रीटखाली तो डाग रंगाने झाकता येतो, लाकडावर तो रोगाची सुरुवात ठरतो. त्यामुळे या इमारतीत फॉल्स सीलिंगच नको. तुळया आणि मजल्याची खालची बाजू उघडी दिसली पाहिजे. थेंब पडला की त्याच दिवशी कोणीतरी मान वर करून पाहील.

तुळईचे टोक भिंतीत गाडायचे नाही. ते पोलादी बैठकीवर, चहूबाजूंनी बोटभर मोकळे असावे, म्हणजे तिथे हात पोहोचतो, बॅटरी मारता येते आणि ओलावा मोजायचे यंत्र लावता येते. अशी तपासणी वर्षातून दोनदा, मेअखेर आणि ऑक्टोबरात करावी. तिची नोंदवही इमारतीच्या कागदपत्रांत लिफ्टच्या परवान्याइतक्याच काटेकोरपणे ठेवावी.

आता पाऊस. आपल्याकडे तो सरळ पडत नाही, नैऋत्येकडून आडवा येतो. काचेचा गुळगुळीत ठोकळा इथे लाकडाला वाचवू शकत नाही. प्रत्येक मजल्याला खोल छज्जा किंवा सज्जा हवा, चाळीच्या लांब गॅलरीसारखा. तो ऊनही अडवतो, त्यामुळे एसीचा भारही उतरतो. छप्पर उताराचे असावे. सपाट गच्चीवर पाणी साचते आणि वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार दर दोन-तीन वर्षांनी बोलवावा लागतो, हे सोसायटीत राहणाऱ्याला सांगायला नको.

लाकूड आकसते, फुगते, याचाही हिशेब आधीच लागतो. एसी लावलेल्या कार्यालयात लाकडातला ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास उतरतो. स्प्रूससारख्या सूचिपर्णी लाकडाची सहाशे मिलिमीटर खोलीची तुळई सोळा टक्क्यांवरून दहावर आली तर तिची खोली आठ-नऊ मिलिमीटरने कमी होते. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, हा फरक नगण्य असतो. म्हणून खांबावर खांब थेट टेकावा, मधे आडवी तुळई येऊ नये. नाही तर मजल्यागणिक इमारत खाली बसते, पण काँक्रीटचा गाभा जागचा हलत नाही, आणि जिन्याच्या दारात पायरी तयार होते.

आगीबद्दल वाचकांना वाटणारी भीती मी हलकी लेखत नाही. २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलच्या आगीत चौदा माणसे गेली. मात्र काय जळते आणि कसे जळते यात फार फरक आहे. कापड, प्लास्टिक, पातळ फळ्या, बांबूच्या चटया क्षणात पेटतात. फूट-दीड फुटाची भरीव तुळई तशी पेटत नाही. तिचा बाहेरचा थर कोळसा होतो आणि तोच कोळसा आतल्या लाकडाला उष्णतेपासून राखतो. सूचिपर्णी लाकूड साधारण मिनिटाला ०.६५ मिलिमीटर या वेगाने आत जळत जाते. म्हणजे तासाला सुमारे ४० मिलिमीटर. भार पेलायला लागतो त्यापेक्षा तेवढा जाड थर प्रत्येक उघड्या बाजूला जास्त ठेवायचा, हे गणित अभियंत्याला करता येते. उघडे पोलाद साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सिअसला आपली निम्मी ताकद गमावते आणि वाकते. याचा अर्थ लाकडी इमारतीत स्प्रिंकलर नको असा नाही. स्प्रिंकलर हवेतच, दोन जिने हवेत आणि भिंतीमागच्या पोकळ्या बंद हव्यात, कारण जुन्या इमारतींत आग पसरली ती बहुतेक अशा पोकळ्यांतून आणि लोंबत्या वायरिंगमधून. राष्ट्रीय बांधकाम संहितेत १५ मीटर आणि त्यापुढची इमारत 'उंच' धरली जाते. पहिले प्रयोग या मर्यादेच्या आतच करावेत, असा माझा आग्रह आहे.

नॉर्वेतल्या ब्रुमुंडालचा मियोस्टोर्नेट मनोरा ८५.४ मीटर उंच आहे, २०१९ साली तो पुरा झाला. आपल्या लेखात त्याचे छायाचित्र ठळक होते. पण त्याच्या वरच्या मजल्यांना मुद्दाम काँक्रीटच्या लाद्या घातल्या आहेत, कारण हलकी इमारत वाऱ्यात डुलते. तौक्ते चक्रीवादळात, मे २०२१ मध्ये, कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला होता. उंचीच्या शर्यतीत पडण्याचे मुंबईला काहीच कारण नाही. मला जास्त जवळचे उदाहरण झ्युरिकचे वाटते. तिथल्या टामेडिया या वृत्तपत्रसमूहाचे सात मजली कार्यालय जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी २०१३ मध्ये लाकडात उभे केले. मुख्य सांगाड्याचे सांधे लाकडात लाकूड अडकवून केलेले आहेत, त्यांत लोखंड नाही. वृत्तपत्राची माणसे रोज तिथे बसून काम करतात. आपल्या संपादकीय विभागालाही अशी जागा आवडेल, याची मला खात्री आहे.

हलकेपणाचा खरा फायदा मुंबईच्या जमिनीत आहे. पावणेदोनशे मिलिमीटर जाडीच्या क्रॉस लॅमिनेटेड टिंबरच्या, म्हणजे आडव्या-उभ्या थरांनी चिकटवलेल्या लाकडी लादीचे वजन चौरस मीटरला ८५ किलोच्या आसपास भरते. आवाज अडवण्यासाठी वर काँक्रीटचा पातळ थर टाकला तरी दोनशे किलो. दीडशे मिलिमीटरचा आरसीसी स्लॅब एकटाच पावणेचारशे किलोचा. वांद्रे-कुर्ला संकुलासारख्या भरावाच्या, खाली चिखल असलेल्या जमिनीवर हा फरक पायाच्या पाइल्सच्या, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांच्या, संख्येत दिसतो. भूकंपाचा जोरही वजनाच्या प्रमाणातच येतो. शिवाय सांगाडा कारखान्यात कापून येत असल्याने जागेवरचे काम थोड्या आठवड्यांचे राहते. पावसाळ्यात पाया आणि गाभा करायचा, आणि लाकूड नोव्हेंबर ते मे या काळात चढवून छप्पर घालून टाकायचे. २०२३ च्या ऑक्टोबरात महापालिकेला बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढावी लागली, उंच पत्रे लावायला सांगावे लागले. शेजारी तीन वर्षे काँक्रीटचे मिक्सर फिरणे आणि काही आठवडे क्रेन चालणे यात काय फरक आहे, हे खिडक्या बंद करून राहणाऱ्या माणसाला विचारा.

कार्बनचा हिशेब मात्र डोळसपणे करावा. सिमेंट उद्योगातून जगातल्या कार्बन डायऑक्साइडचा सात-आठ टक्के भाग येतो. उलट साडेचारशे किलोच्या एका घनमीटर कोरड्या लाकडात निम्मा कार्बन असतो, म्हणजे झाडाने हवेतून घेतलेला सुमारे आठशे किलो कार्बन डायऑक्साइड त्यात बांधलेला असतो. लाकूड कुजले किंवा जाळले की तो सगळा परत हवेत जातो. म्हणून जी लाकडी इमारत वीस वर्षांत पाडावी लागते तिला टिकाऊ किंवा पर्यावरणपूरक म्हणण्यात अर्थ नाही. मुंबईने २०२२ च्या मार्चमध्ये हवामान कृती आराखडा काढून २०५० पर्यंत नेट झिरोचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्या दिशेने लाकूड उपयोगी पडेल ते पाण्यापासून राखले तरच.

आणि ते लाकूड आणायचे कुठून? केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने जंगले वाचावीत म्हणून १९९३ मध्ये आपल्या कामांत लाकडावर बंदी घातली होती. ती २०२० मध्ये उठली. बंदीमागची काळजी खोटी नव्हती आणि आजही ती सोडता येत नाही. झाड कोणत्या लागवडीतले, तिथे पुन्हा लागवड झाली का, याचा कागद नसेल तर ते लाकूड घेऊ नये. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग बल्लारशाहच्या डेपोत मिळतो आणि तो अप्रतिम आहे, पण तो तयार व्हायला दोन पिढ्या लागतात. तो जाड लाद्यांत चिकटवून दडवणे मला पटत नाही. खिडक्या, कठडे, छज्ज्याची किनार अशा पाऊस लागणाऱ्या जागी तो वापरावा. आतल्या लाद्या-तुळयांसाठी लवकर वाढणारी, शेतकऱ्याने बांधावर लावलेली झाडे हवीत. निलगिरी, मलबार नीम, सुरू यांचे इथल्या हवेत, इथल्या गोंदांसह, पूर्ण मापाचे भार-परीक्षण व्हायला हवे. बंगळूरची लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे, माटुंग्याला व्हीजेटीआय आहे, पवईला आयआयटी आहे. युरोपचे स्प्रूस आयात करणे सोपे आहे, पण आपल्या वाळवीपुढे ते नुसते टिकत नाही, त्यावर संरक्षक प्रक्रिया करावीच लागते.

एक साठा तर आपल्या डोळ्यांसमोर पडून आहे आणि त्याचे दुःख मला सगळ्यात जास्त आहे. पुनर्विकासात जुनी उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी, इमारत पाडताना तिचे लाकूड पाडकामाचा ठेकेदार घेऊन जातो. त्यात ब्रह्मदेशचा साग असतो, तसा आज पैसे मोजूनही मिळत नाही. चांगले नग जुन्या लाकडाच्या बाजारात जातात आणि त्यांचे फर्निचर होते, ते बरेच म्हणायचे. पण फाटलेले, खिळ्यांनी भरलेले तुकडे वर्षानुवर्षे बेकऱ्यांच्या भट्ट्यांत गेले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर आणायला सांगितले, तोवर शंभर वर्षांचा साग आपल्या पावाखाली जळत होता. एका इमारतीत मी स्वतः खडूने खुणा करून ठेवलेल्या, पूर्ण शाबूत तुळया दुसऱ्या आठवड्यात फूट-फूट लांबीच्या तुकड्यांत ट्रकवर चढताना पाहिल्या. ठेकेदाराला दोष देऊन उपयोग नाही. त्या लाकडाची नोंद ठेवायला कोणताच नियम त्याला सांगत नव्हता.

हे जुने लाकूड थेट कार्यालयाच्या मोठ्या तुळयांना चालणार नाही, हेही सांगते. चाळीचा खण दहा-बारा फुटांचा, कार्यालयाला आठ-नऊ मीटरचा मोकळा गाळा लागतो. पण कुजकी टोके कापून, खिळे काढून, प्रत्येक नगाची प्रत ठरवून, तुकडे दातेरी सांध्यांनी जोडून थर चिकटवले तर लांब तुळया होऊ शकतात. कड्या, जिन्याच्या पायऱ्या, सज्ज्याचे कठडे यांना तर ते आहे तसे चालते.

माझी मागणी दोन गोष्टींची आहे. इमारत पाडण्याची परवानगी देतानाच तिच्या लाकडाची मोजणी आणि प्रतवारी सक्तीची करावी. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे हे काम जाणणारी माणसे आहेत, आणि लाकडावर नुसता हात फिरवून ते ओळखणारे मिस्त्री अजून हयात आहेत. त्यांच्याकडून शिकून घ्यायला फार वर्षे उरलेली नाहीत. दुसरे, राज्य शासनाने किंवा महापालिकेने तळमजला अधिक तीन मजल्यांचे एक साधे कार्यालय लाकडात बांधावे, जिथे लोक दाखले काढायला, पाणीपट्टी भरायला येतील. त्याची ओलाव्याची नोंदवही सगळ्यांना पाहता यावी. खासगी विकासक, विमा कंपन्या आणि अग्निशमन दल यांना परदेशी छायाचित्रांपेक्षा अशा एका इमारतीचे पाच पावसाळे जास्त पटतील.

या विषयावर आपण पुढे लेख छापणार असाल तर लाकडी इमारतीचा प्रस्ताव घेऊन येणाऱ्या प्रत्येक वास्तुविशारदाला माझ्या वतीने एवढे विचारावे : तिसऱ्या मजल्यावरच्या संडासाचा पाइप शनिवारी रात्री फुटला, तर सोमवारी सकाळपर्यंत ते पाणी तुमच्या नकाशात कुठून कुठे गेलेले असेल?

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनीअर
गिरगाव, मुंबई